दोन इंच

वासी उत्तरायणाला सगळं वडोदरा गच्चीवर असतं.
आम्ही चौघे तेवढे गाडीखाली.

कारेलीबागेतली गल्ली, सोसायटीचं फाटक,
फाटकाला लागून जीपच्या जातीची जुनी पिकअप.
सावली तालुक्यातल्या कच्च्या रस्त्यांनी
तिच्या पोटावर जेवढे ओरखडे काढलेत
तेवढे उभ्या जन्मात माझ्या वस्तऱ्याने गालावर काढले नसतील.
"दोन इंच उचलू," घाटगे दिवाळीत म्हणाला होता,
फराळाचं ताट मांडीवर घेऊन,
जणू गाडी म्हणजे झोपलेलं पोर.

चाकांना विटा. चासीखाली घोड्या.
जॅक इलियासचा, तेल गळणारा,
दर पाच मिनिटांनी हळूच मान टाकणारा,
त्यामुळे त्याच्यावर कुणाचाच विश्वास नाही,
इलियासचासुद्धा.

पहिला नट सुटायला पावणेदोन तास.
रॉकेल पाजलं. हातोडीने समजावलं.
पान्याच्या दांड्यावर नळाचा पाइप चढवून
घाटगे लोंबकळला, घाटग्याला जयेश लोंबकळला,
आणि समोरच्या गच्चीतून कुणी "लपेट!" ओरडलं
तेव्हाच तो कट्कन निघाला.
श्रेय कुणाचं, यावर चहा येईपर्यंत वाद.

पाट्यांची चळत उघडली.
वर लांब, खाली आखूड होत गेलेले,
मधे गंजाची पूड आणि मेलेला एक गोम.
नवा पाटा काळा, चकचकीत,
त्यांच्यात बसवताना पाहुण्यासारखा अवघडलेला.

बाबा खुर्चीत. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त,
उजव्या खुब्यात स्टीलचा गोळा.
सकाळपासून त्यांनी एकच वाक्य वापरलं,
"वजन पडल्याशिवाय शेवटचा आटा पिळू नका."
आम्ही हो हो म्हणालो, आणि पिळला.
मग सोडला. मग वजन टाकून पुन्हा पिळला.
बाबा काही बोलले नाहीत.
चिक्की मोडली फक्त, जरा मोठ्याने.

दुपारी कळलं, ब्रेकची नळी पुरत नाही.
एक्सल खाली, चासी वर,
मधे ती रबरी नळी ताठ,
दोन्ही वकिलांनी ओढलेल्या साक्षीदारासारखी.
पार्सलात नवी नव्हती. दुकानं बंद.
जयेशने मकरपुऱ्याच्या ओळखीला फोन लावला,
फोनमध्ये नुसता वारा आणि थाळ्या बडवल्याचा आवाज.
शेवटी इलियास स्कूटरवर गेला,
मांज्याच्या भीतीने गळ्याला मफलरचे तीन वेढे,
आणि दीड तासाने परतला
दोन नळ्या आणि उंधियूचा डबा घेऊन.
कुठून, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

दिवेलागणीला घाटग्याने शिवणाचा टेप लावला.
डावीकडे दोन. उजवीकडे सव्वादोन.
"ड्रायव्हर बसला की जुळेल."
जयेशने माझ्या पोटाकडे बघितलं. "जुळेल."

फाटकापर्यंत मागे सरकून आम्ही बघत राहिलो,
अचानक उंच झालेल्या पोराच्या पँटीकडे बघावं तसे.

मग बाबा उठले. रोजच्यासारखे
डाव्या दाराशी गेले, दांडीला हात घातला,
पाय उचलला.
पाय पोचला नाही.

शॅकल, यू-बोल्ट, नळी,
सगळं मोजलं होतं आम्ही.
हा पाय कुणी मोजला नव्हता.

वर कुणाचा तरी तुक्कल
दिवा घेऊन हळूहळू चढत होता.

"पाटे वाढवलेत," बाबा म्हणाले, "आता पाट वाढा."
घाटगे चपलांसकट आमच्या घरात शिरला
आणि भाऊबिजेचा पाट घेऊन आला,
पितळी फुल्यांचा, ग्रीसच्या दहा बोटांत.
(आईने नंतर चिंचेनेही घासला. निघाली नाहीत.)

गल्लीच्या टोकाला तो जुना उंचवटा आला.
बाबांनी सवयीने श्वास धरला, मीही.
खालून काहीच आवाज आला नाही.

"बरं," बाबा म्हणाले.
जरा वेळाने, काचेबाहेर बघत,
"उद्या ती उजवी बाजू परत मोजा."